लापशीवर ठेवलेला किनारा

वेर्बने, ३ मार्च

प्रिय ओरिस्या,

आशीर्वाद. अभिनंदन करत नाही. नेमणूक हे आधारविधान आहे, निष्कर्ष नव्हे. आणि ज्या विधी संस्थेत मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, तेथे आधारविधानाचे अभिनंदन करण्याची पद्धत नव्हती.

बातमी शेजारच्या फ्रोस्याने कुंपणावरून दिली. "लुक्यान मार्कोविच, ऐकलंत का? तुमची ओरिस्या मंत्रीण झाली! आता तरी आपल्या गल्लीत दिवा लागेल?" मी म्हणालो, ती क्रीडामंत्री आहे; दिवे तिच्याकडे नाहीत. "मग कसली मंत्रीण? दिवा नाही, रस्ता नाही. नुसत्या उड्या?" या प्रश्नाचे उत्तर मी तुझ्यावर सोपवतो.

तुझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी तुला हातांवर मी धरले होते. धर्मपिता म्हणून तुझ्या वाटचालीविषयी बोलण्याचा अधिकार मला तेथून मिळतो. द्नीप्रो नदीच्या या वळणावर तू एकटीची होडी वल्हवायला शिकलीस. ऑलिंपिकचे रौप्यपदक आणलेस. मग त्याच नौकाघरात मुलांना शिकवू लागलीस. तेथील न्हाणीघरात गरम पाणी यावे एवढ्यासाठी नगरपरिषदेत गेलीस, आणि पाणी आल्यावरही परत फिरली नाहीस. पुढे एका पक्षाने निवडणुकीच्या यादीत तुझे नाव घातले ते तुझ्या विचारांसाठी नव्हे, पदकासाठी. संसदेत तू तोंड उघडलेस तेव्हा त्यांना पहिला धक्का बसला. मंत्रिपद हा बहुधा तुझे तोंड बंद करण्याचा उपाय असावा.

दोनच गोष्टी सांगतो. वेर्बनेसाठी काहीही करू नकोस; गावाला रांगेतला क्रम येईल तेव्हाच मिळू दे. दुसरी: वल्हवणारा माणूस पुढे पाठ करून जातो. आपण कोठे चाललो ते त्याला मान वळवून पाहावे लागते; मागे काय सोडले ते मात्र सतत डोळ्यांसमोर असते. मंत्र्यांचे सहसा याच्या उलट होते. तू आपली सवय मोडू नकोस.

तुझा धर्मपिता,
लुक्यान मार्कोविच


कीव, २३ मार्च

आदरणीय धर्मबाबा,

नमस्कार. अभिनंदन न केल्याबद्दल आभार. इथे त्याचा फार सुकाळ आहे.

पहिल्या दिवशी कचेरीतले सगळे दारात स्वागताचा पाव आणि मीठ घेऊन उभे होते. मी सकाळपासून उपाशी, आणि पाव असा खरपूस भाजलेला! चांगला मोठा तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि उभ्याउभ्या खाऊन टाकला. सचिव कानाशी येऊन म्हणाला, "ओरिस्या पाव्लिव्ना, चिमूटभर घ्यायचा असतो. बाकीचा दाखवायचा." म्हटलं, आजपासून या खात्यात दाखवायचं काही नाही. तेव्हापासून माझ्या मागे मला 'वल्हेवाली' म्हणतात. फ्रोस्याला सांगा, दिवा लागला. मात्र कुस्तीगिरांच्या आखाड्यात. तिथली पोरं हिवाळाभर अंधारात एकमेकांना चितपट करत होती.

आता खरी गोष्ट. आपल्या भागाचा खासदार आर्सेन स्कोरिक तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या गटाच्या मतांवर सरकार उभं आहे, म्हणजे माझी खुर्चीही. त्याला वेर्बनेचं नौकाघर हवंय, म्हणजे नौकाघराखालची जमीन आणि सबंध किनारा.

"ओरिस्या पाव्लिव्ना, ते घर कुजलंय," म्हणाला.

"कुजलं नाही, ओलं आहे. नदीवर आहे ना."

"तिथे हॉटेल उभं राहिलं तर गावाचं सोनं होईल. तुम्ही एवढंच लिहायचं, की खात्याला त्या जागेची गरज नाही."

"खात्याला नसेल. मुलांना आहे."

"मुलं काय, कुठेही पोहतात," असं म्हणून हसला आणि गेला. पुढच्या वेळी कागद घेऊन आला नाही. बायकोला आणि पाळण्यातल्या मुलीला घेऊन आला. बायको अगदी कोवळी, बाळंतपणातून अजून सावरलेली नाही. मुलीचं नाव उस्तीना. मी तिची धर्ममाता व्हावं अशी त्यांची इच्छा.

"मग मी मुलीचा बाप आणि तुम्ही धर्ममाता, म्हणजे आपण कूम आणि कुमा," स्कोरिक म्हणाला. "व्याह्यांपेक्षा घट्ट नातं. कुमा कधी कूमाला नाही म्हणते का?"

मला सगळं कळलं. त्याच्या बायकोला काहीच कळलेलं नव्हतं. तिने माझा हात धरून विचारलं, "याल ना?" माझी आजी म्हणायची, बाळाला देवाच्या दारात न्यायला कुणी बोलावलं आणि आपण नाही म्हटलं, तर ते बाळाचं वाईट चिंतणं झालं. मी विचार करायला वेळ मागून घेतला. होय म्हटलं तर किनारा जातो. नाही म्हटलं तर त्या बाळाला मी देवाच्या दारातून परत पाठवलं असं होतं. तुम्ही काय म्हणता?

तुमची,
ओरिस्या


वेर्बने, १ एप्रिल

प्रिय ओरिस्या,

आशीर्वाद. प्रश्न नीट मांडला की निम्मा सुटतो. तू तो नीट मांडलेला नाहीस.

धर्ममाता कोणाला बांधलेली असते? बाळाला. चर्चमधील शपथ बाळाच्या वतीने घेतली जाते आणि सांभाळ बाळाचा करायचा असतो. बाळाच्या बापाविषयी त्या विधीत एक अक्षरही नाही. तेव्हा 'कुमा कूमाला नाही म्हणत नाही' हा नियम धर्माचा नव्हे, बाप्तिस्म्यानंतरच्या मेजवानीचा आहे. तो ज्या टेबलावर जन्मला त्याच टेबलावर पाहुणे सुइणीच्या लापशीवर बोली लावतात, बाळाला सर्वांत मोठी भेट बोलणारा मडके फोडतो, आणि सर्वजण उदारपणाचा आव आणून घरी जातात. आपल्या देशात अर्धी मंत्रिमंडळे या टेबलांवर बनली आणि उरलेली अर्धी तेथेच विकली गेली.

येथवर युक्तिवाद तुझ्या बाजूचा दिसेल. परंतु लोक बाप आणि मूल असा भेद करत नाहीत. स्कोरिकही करणार नाही. ज्या क्षणी तू ते बाळ हातांवर घेशील, त्या क्षणी सबंध देश तुला त्याची कुमा म्हणेल, आणि त्यानंतर तुझ्या प्रत्येक नकाराला कृतघ्नता म्हटले जाईल. म्हणून निष्कर्ष: नकार दे. बाळाला दुसरी धर्ममाता मिळेल. वेर्बनेला दुसरा किनारा मिळणार नाही.

तुझ्या आजीविषयी मला आदर आहे. तथापि तिला कधी एखाद्या खासदाराने बोलावले नव्हते.

लुक्यान मार्कोविच


वेर्बने, १८ मे

माननीय मंत्रीमहोदया,

माझ्या पत्राला उत्तर आले नाही. वर्तमानपत्र आले. पहिल्या पानावर आपण आहात: हातांवर पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेले मूल, खांद्यावर स्कोरिक यांचा हात, दोघांच्याही चेहऱ्यांवर हसू. खाली छापले आहे: 'खासदारांना मिळाली मंत्री कुमा.'

त्याच सकाळी नदीकाठी मोजणीदार आले आणि नौकाघराभोवती लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेले. सराव करणाऱ्या मुलांनी त्यांना कारण विचारले. "तुमच्या बाईंनाच विचारा," असे त्यांना सांगण्यात आले.

फ्रोस्या म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? मंत्रीण झाली की दिवा लागतो, पण दुसऱ्याच्या घरात." मी तिला गप्प केले नाही. तिच्या विधानात मला दोष आढळला नाही.

मी सल्ला दिला होता. तो मानण्याचे बंधन आपल्यावर नव्हते. परंतु प्रश्न विचारून उत्तराआधीच निर्णय घेतलेला असणे, याला आमच्या शास्त्रात विचारणे म्हणत नाहीत. धर्मपितेपदाचा राजीनामा देता येत नाही. कोणी माजी धर्मपिता झाल्याचे मी ऐकलेले नाही. ही तरतूद असती तर मी आज तिचा लाभ घेतला असता.

लु. मा.


कीव, २४ मे

धर्मबाबा,

'माननीय' वाचून आधी वाटलं, पाकीट चुकून माझ्याकडे आलं. मग अक्षर पाहिलं आणि पोटभर हसले. मग थोडी रडलेही. पण ते तुम्हाला सांगणार नव्हते.

उत्तर लिहिलं नाही, कारण माझी पत्रं इथे तुमच्याआधी दुसरेच वाचतात, आणि मला जे करायचं होतं ते आधी फुटलं असतं तर झालंच नसतं. हे पत्र सचिवाची बहीण स्वतःच्या हाताने वेर्बनेला आणते आहे. तिला चहा द्या.

तुमचं आधारविधान मी घेतलं, निष्कर्ष परत केला. धर्ममाता बाळाला बांधलेली असते, बापाला नाही, असं तुम्हीच लिहिलंत. मग बाळाला का नाकारायचं? बापाला नाकारायला मी मोकळीच होते!

चर्चमध्ये पश्चिमेकडे तोंड करून मुलीच्या वतीने सैतानाला नाकारायचं असतं. फादर म्हातारे, त्यांना कमी ऐकू येतं. "सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कामांना नाकारतेस?" मी म्हटलं, "नाकारते." "मोठ्याने!" "नाकारते!" तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की कबुतरं उडाली. स्कोरिक शेजारीच उभा होता. तो माझ्या पश्चिमेला होता, यात माझा दोष नाही.

मग मेजवानी. बातमीदार आणि कॅमेरेही बोलावलेले. कुमा मिळाल्याचं सगळ्यांना दिसावं म्हणून. शेवटी स्कोरिकच्या आईने, पलाहना आजीने, लापशीचं मडकं आणलं. मध घातलेली, वर खरपूस साय. आज सुइणी इस्पितळात असतात, म्हणून लापशी आजीची. बोली सुरू झाली. कुणी सोन्याचा चमचा ठेवला, कुणी परदेशी बाबागाडी, कुणी तट्टू. स्कोरिक ओरडला, "आता बघू, आमची कुमा काय ठेवते!"

मी उभी राहिले. म्हटलं, "पैसे माझ्याकडे नाहीत. असते तर तुम्हीच विचारलं असतं, कुठून आणले." हशा झाला. "माझ्या धर्मकन्येला मी वेर्बनेचा किनारा देते. आज सकाळी चर्चला येण्याआधी मी आदेशावर सही केली आहे. नौकाघर, धक्का आणि वळणापर्यंतचा सगळा काठ कायमचा मुलांच्या नौकाशाळेचा. उस्तीना मोठी झाली की मी तिला तिथे वल्हवायला शिकवीन, आणि तिच्याबरोबर येईल त्या प्रत्येक मुलाला. याहून मोठी भेट कुणाकडे असेल तर बोला."

बोली कुणी वाढवली नाही. मी मडकं उचललं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर फोडलं.

धर्मबाबा, टाळी वाजवली ती पलाहना आजीने. "शाबास, कुमा! आर्सेन, बघत काय बसलास? मडकं फुटलं की बापाने वाकून आभार मानायचे असतात." आणि तो वाकला! कॅमेऱ्यांपुढे, मिशीला लापशी लागलेली असताना. आजीने उस्तीनाला माझ्या हातांवर दिलं. मग स्कोरिक माझ्या खांद्यावर हात टाकून, हसत, दातांतल्या दातांत म्हणाला, "हे तुम्हाला महाग पडेल, कुमा." मी म्हटलं, "मुलीला स्वस्त पडलं ना, कूम? मग झालं." फोटो त्याच क्षणाचा आहे. खापऱ्या खाली आमच्या पायांशी होत्या. छापताना त्याच्या माणसांनी फोटो तिथे कापला आणि भेटीचं एक अक्षरही येऊ दिलं नाही. त्याच्या बोटांचे वळ अजून खांद्यावर आहेत.

मोजणीदार त्याचे आहेत, माझे नाहीत. त्यांना आदेशाची प्रत दाखवा. सोबत पाठवली आहे.

तुमची (तुम्हाला आवडो न आवडो),
ओरिस्या


वेर्बने, २ जून

प्रिय ओरिस्या,

आशीर्वाद. १८ मेच्या पत्रातील निष्कर्ष मी मागे घेतो. छायाचित्र कापलेले असू शकते, हा पर्याय मी विचारात घेतला नव्हता. दिलगिरी व्यक्त करण्याचा मला सराव नाही. ती व्यक्त झाली असे समजावे.

आदेशाची प्रत मी नौकाघराच्या दारावर लावली. मोजणीदारांनी ती वाचली, मोठ्या साहेबांना विचारून येतो म्हणाले, आणि आले नाहीत. त्यांच्या खुंट्या मुलांनी उपटल्या. फ्रोस्याने त्या आपल्या वाफ्यात नेल्या असून त्यांना टोमॅटोची रोपे बांधली आहेत. "सरळ आहेत, मजबूत आहेत," ती म्हणते. "स्कोरिकची पहिलीच सरळ वस्तू."

आता तुझ्या युक्तिवादातील भगदाड. एका मंत्र्याने जे लिहिले ते दुसरा मंत्री खोडू शकतो. आदेश रद्द करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तुला बदलणे, आणि ते तुला बदलतील. त्याआधी ते तुझ्याकडे राजीनामा मागतील. देऊ नकोस. राजीनामा हा मौनाने होणारा व्यवहार आहे. त्यात कारण सांगावे लागत नाही. बडतर्फीला कारण लागते, आणि ते उभे राहून, सर्वांसमक्ष उच्चारावे लागते. त्यांना ते उच्चारायला लाव. अन्यायाला बहुधा अन्याय करण्याची लाज नसते. त्याचे वाक्य पूर्ण करण्याची मात्र असते.

सचिवाच्या बहिणीला चहा दिला. ती फ्रोस्याकडेही चहा प्यायली, म्हणून आता गावाला सर्व ठाऊक आहे.

लुक्यान मार्कोविच


कीव, १० जुलै

आदरणीय धर्मबाबा,

काल मला काढलं. आधी पंतप्रधानांनी एकटीला बोलावून बिस्किटं पुढे केली. "ओरिस्या पाव्लिव्ना, कूमाशी कुणी असं वागतं का?"

"मी त्याची कुमा नंतर. मुलीची धर्ममाता आधी."

"आदेश मागे घ्या. नाहीतर प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा द्या. शोभेल असं करू, एखादं मानाचं पद देऊ."

"माझी प्रकृती उत्तम आहे. हवं तर या टेबलावर पंजा लढवून बघा." त्यांनी बिस्किटं मागे ओढली.

मग संसदेत ठराव आला. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे एकच प्रश्न विचारला: "कारण?" कुणी तरी वाचून दाखवलं, 'कामगिरी असमाधानकारक.' मी विचारलं, "कोणती?" सगळे कागद चाळू लागले. "आखाड्यात दिवा लावला ती? की मुलांचा किनारा मुलांना ठेवला ती? मोठ्याने सांगा, नोंद होऊ दे." मागून एक जण ओरडला, "पक्षाने तुला मोठं केलं, हे विसरलीस!" मी म्हटलं, "पक्षाने मला यादीत पदक म्हणून टांगलं होतं. पदक बोलायला लागलं, याला मी काय करू?" अध्यक्षांनाही हसू आवरेना. स्कोरिक छताकडे पाहत होता. कारण शेवटपर्यंत कुणी उच्चारलं नाही. नुसते हात वर झाले. पुरेसे झाले.

निघताना दारातल्या रखवालदाराने माझी पेटी उचलून दिली आणि म्हणाला, "वल्हेवाली, चांगली वल्हवलीस." मंत्रिपदाची सगळी कमाई एवढीच, आणि मला ती कमी वाटत नाही.

आता कनिष्ठ मुलींच्या संघाबरोबर दक्षिणेत शिबिराला जाते आहे. प्रशिक्षक म्हणून कुणीही मला अजून बडतर्फ केलेलं नाही. भीती एकच आहे. नवा मंत्री स्कोरिकच्या पसंतीचा. तो आदेश खोडेल, आणि मी बोलीत ठेवलेलं मुलीच्या हातून निघून जाईल. तुम्ही तिथे आहात. डोळा ठेवा.

तुमची,
ओरिस्या


वेर्बने, १४ ऑक्टोबर

प्रिय ओरिस्या,

आशीर्वाद. जे घडले ते क्रमाने सांगतो.

काल नवे क्रीडामंत्री जागेची पाहणी करण्यासाठी आले. सोबत स्कोरिक. रद्द करण्याचा कागद तयार होता. सहायकाने तो नौकाघराच्या कठड्यावर पसरून वाऱ्याने उडू नये म्हणून हाताने दाबून धरला. गाव धक्क्यावर जमले होते. मुले होड्यांत, मधल्या पाण्यावर, वल्ही उचलून थांबलेली. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

मी मंत्र्यांना नमस्कार केला आणि विचारले, "कारणाच्या रकान्यात आपण काय लिहिणार?"

"जागेची गरज नाही, असं."

"ती मुले पाण्यावर आहेत. आपणास दिसत आहेत."

त्यांनी स्कोरिककडे पाहिले. इतक्यात मागच्या मोटारीतून एक वृद्धा उतरली. तिच्या कडेवर लोकरीत गुंडाळलेले मूल होते. ती स्कोरिकची आई, पलाहना. नात नदी पाहील म्हणून आले, असे तिने सांगितले. फ्रोस्याने तिला फोन केला होता हे मला नंतर समजले.

"आर्सेन," ती म्हणाली, "हा किनारा कुणाचा?"

"आई, हे राजकारण आहे. तू गाडीत बस."

"लापशी मी शिजवली होती. तेव्हा ते राजकारण नव्हतं? लापशीवर दिलेलं परत घेतलं की पोरीचं नशीबही त्याच्याबरोबर निघून जातं. माझ्या आईने कुणाला घेऊ दिलं नाही, मी तुला घेऊ देणार नाही."

"या सगळ्या जुन्या समजुती आहेत!"

"असतील. मग कुमा कशाला शोधलीस? तीही जुनीच समजूत होती ना?"

ओरिस्या, मी आयुष्यभर हेत्वाभास शिकवले. इतक्या कमी शब्दांत दुसऱ्याचा हेत्वाभास उघडा पडलेला मी क्वचितच ऐकला आहे.

नव्या मंत्र्यांनी घसा साफ केला. ते भित्रे आहेत, परंतु मूर्ख नाहीत. म्हणाले, "आर्सेन, मी बाळाचं काढून घेतलं असं छापून येईल. तू बाप आहेस. मुलीची भेट तू परत करतोस असं लिहून दे, मग मी सही करतो." सहायकाने स्कोरिकपुढे लेखणी धरली. स्कोरिकने आईकडे पाहिले, धक्क्यावरच्या लोकांकडे पाहिले. उस्तीनाने हात पुढे करून लेखणीचे टोपण पकडले आणि सोडेना. मग स्कोरिकने कागद चुरगळून खिशात घातला आणि मोटारीत जाऊन बसला. मंत्री त्याच्या मागे गेले. आजी मात्र गेली नाही. फ्रोस्याकडे जेवायला थांबली.

आदेश उभा आहे. यापुढे जो कोणी तो खोडू पाहील त्याला हेच वाक्य पूर्ण करावे लागेल, आणि ते कोणाच्याने होईल असे मला वाटत नाही. तरीही मी डोळा ठेवीन.

जेवताना फ्रोस्या म्हणाली, "म्हणजे आपली ओरिस्या आता माजी मंत्रीण." मी होय म्हणालो. "आणि या पोरीची कोण?" मी उत्तर देण्याआधी पलाहना उत्तरली, "पोरीची जी होती तीच. त्यात माजी होत नसतं, बाई." मे महिन्यात मी हेच विधान रागाने केले होते. आता ते राग वगळून पुन्हा करतो.

मार्चमध्ये मी लिहिले होते की आधारविधानाचे अभिनंदन करत नाहीत. निष्कर्षाचे करतात.

ओरिस्या, अभिनंदन.

तुझा धर्मपिता,
लुक्यान मार्कोविच

ता. क. फ्रोस्याने खारवलेल्या टोमॅटोंची बरणी तुझ्यासाठी दिली आहे. दुसरी तिने पलाहनाच्या हाती स्कोरिककडे पाठवली. खुंट्या त्याच्या होत्या, म्हणून वाटाही त्याचा, असे तिचे म्हणणे आहे.